करेंगे या मरेंगे (भाषण)

महात्मा गांधींनी ८ ऑगस्ट १९४२ रोजी रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर, अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे केलेले भाषण. ते आधी हिंदुस्तानीत झाले, मग इंग्रजीत. बोलले गेले मुंबईत. शिजले मात्र नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, गांधींच्या सेवाग्राम आश्रमाच्या मातीच्या भिंतींआड.

या भाषणाचा लिहिलेला मसुदा शोधायला जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. तुलनेसाठी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट घ्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दिवशी, ७ डिसेंबर १९४१ला, त्यांनी भाषण सेक्रेटरीला तोंडी सांगितले. टंकलेल्या कागदावर ‘जगाच्या इतिहासात’ हे शब्द पेन्सिलीने खोडून तिथे कलंक या अर्थाचा शब्द घातला. शेवटाजवळचे एक वाक्य सल्लागार हॅरी हॉपकिन्स यांनी सुचवले. एका संध्याकाळचा मामला. सेवाग्रामची तयारी चार महिने चालली, आणि तिचा कच्चा माल होता पत्रे, ठराव, गांधींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकातले लेख आणि वादावादी.

त्या वादावादीत रोज हजर असणारा माणूस म्हणजे महादेवभाई देसाई. १९१७पासून ते गांधींचे सचिव होते. शब्द टिपणारे, पत्रे लिहिणारे, पटले नाही तर तसे सांगणारेही. काही काळ ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहून विदर्भातल्या उन्हात सेवाग्रामला पायी ये-जा करीत. ज्याने वैशाखात दुपारी वर्धा गाठली आहे त्याला यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

सिंगापूर आणि रंगून जपानने घेतले होते, ब्रिटिश मंत्री क्रिप्स यांची काँग्रेसशी बोलणी फिसकटली होती. ब्रिटिशांनी निघून जावे, हे गांधींचे ठरले. पण मग दोस्त राष्ट्रांच्या फौजांचे काय? नेहरू आणि आझाद यांना हा प्रश्न छळत होता. जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले, तोवर फौजा राहू द्यायला गांधी तयार झाले होते. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेसच्या कार्यसमितीने केलेल्या ठरावात ही तडजोड आहे, आणि मुंबईच्या भाषणाचा कणा हाच ठराव. गांधींच्या इंग्रज शिष्या मीराबेन तो घेऊन व्हाइसरॉयकडे गेल्या. भेट मिळाली नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवायला लावलेला टेलिफोन आश्रमात आजही पाहायला मिळतो. सहलीला गेलेले नागपूरकर त्याचा फोटो काढतात.

भाषणातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. लढा या क्षणापासून सुरू होत नाही, आधी मी व्हाइसरॉयला भेटेन, असे गांधींनी त्यात स्पष्ट सांगितले होते. सरकारी नोकरांनी, शिपायांनी, विद्यार्थ्यांनी काय करायचे याच्या वेगवेगळ्या सूचनाही दिल्या होत्या. ९ ऑगस्टच्या पहाटे सगळे पुढारी पकडले गेले, आणि अर्थ लावून सांगणारे कोणी बाहेर उरले नाही.

नागपूरला म्हणून भाषण पोचलेच नाही. पोचला तो ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या या राजधानीत रविशंकर शुक्ल यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ युद्धाच्याच प्रश्नावर नोव्हेंबर १९३९मध्ये पायउतार झाले होते, कारभार गव्हर्नरच्या हाती होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शहरात जाळपोळ, गोळीबार आणि संचारबंदी झाली. मगनलाल बागडी यांच्या हिंदुस्तानी लाल सेनेतली पोरे ‘करेंगे’चा जो अर्थ लावत होती तो सेवाग्रामला मान्य झाला असता असे वाटत नाही. पण विचारणार कोणाला? महादेवभाई १५ ऑगस्टला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेतच वारले. दुसऱ्या दिवशी, नागपंचमीला, विदर्भातली चिमूर आणि आष्टी ही गावे पेटली. नागपूरच्या शंकर महाले या तरुणाला जानेवारी १९४३मध्ये नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली.

फेब्रुवारीत सरकारने एक पुस्तिका काढून सगळ्या हिंसेचे खापर या भाषणावर आणि त्याआधीच्या लेखांवर फोडले. गांधींनी तुरुंगातून १५ जुलै १९४३ला तिचे लांबलचक उत्तर लिहिले. आपल्या शब्दांचा अर्थ ते त्यात एकेक उतारा घेऊन समजावून सांगतात. या वेळी टिपून घ्यायला महादेवभाई नव्हते.