पॅडवर स्टिक, पखवाज लॅपटॉपात

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला कुडाळ असो की चिपळूण, बेंजो पार्टीचा टेम्पो वाजत येतोच. मागे जनरेटर, दोन्ही अंगांना स्पीकरचे खोके, एक कीबोर्डवाला, एक बेंजोवाला आणि आठ रबरी चौकोनांच्या ऑक्टोपॅडसमोर उभा पॅडवाला. (जाता जाता: टाइपरायटरसारख्या कळांचा हा बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात तो ताइशोगोतो म्हणून जन्मला.) रोलँड कंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला, तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. त्यावर कितीही बडवले तरी रबराचा टकटकाटच ऐकू यायचा. खरा आवाज काढायचे वायर जोडलेले दुसरे यंत्र. पॅड त्याला फक्त कळवायचा, की अमुक चौकोनावर अमुक जोराने काठी पडली. नंतरच्या मॉडेलांत आवाज आतच आले, पण कळवण्याची ती सोय आजही मागच्या बाजूच्या गोल सॉकेटात शाबूत आहे.

या कळवण्याच्या भाषेचे नाव मिडी. लॅपटॉप स्टेजवर ठेवून प्लगइनमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामांतून, पखवाज, पियानो, व्हायोलिन काढणारी मुले आता कोकणातही दिसतात आणि जुनी मंडळी त्यांच्याकडे जरा संशयाने बघतात. पण यातला अर्धा भाग टेम्पोवर केव्हाच चढला आहे. नवीन आहे तो दुसरा अर्धा. आवाज काढणारे यंत्र जाऊन त्या जागी संगणकाचा प्रोग्राम आला, आणि त्याच्याबरोबर एक जुनाच प्रश्न नव्याने आला: काठी पडल्यापासून आवाज येईपर्यंत वेळ किती जातो? प्लगइन विकत घेताना लोक आवाजांची यादी पाहतात. माझ्या मते आधी हा वेळ पाहावा.

मिडी १९८३ सालची. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडले गेले आणि एकाच्या पट्ट्या दाबल्यावर दुसरा वाजला. सिंथेसायझर बनवणारे अमेरिकन डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी या दोघांच्या पुढाकाराने हे जमले. एक सूर सुरू करायला तीन बाइट लागतात: कुठल्या चॅनलवर (म्हणजे एकाच वायरीतल्या कुठल्या वाटेवर) काय करायचे, कुठला सूर, किती जोराने. सूर ० ते १२७ अशा आकड्यांनी ओळखले जातात, कीबोर्डच्या मधोमधचा सी हा सूर म्हणजे ६०. जोरही १२७ पायऱ्यांपर्यंतच. जुन्या पाच पिनांच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे तीन बाइटचा हा निरोप पोचायला एक मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ पुरतो. भजनात बुवांनी आयत्या वेळी काळी एकऐवजी काळी दोन पट्टी मागितली, तर पेटीवाल्याला बोटे नव्या घरांत बसवावी लागतात. मिडीत प्रत्येक आकड्यात दोन मिळवले की झाले. संगीत असे नुसत्या बेरजेवर आलेले पाहून काहींना वाईट वाटते, मला मात्र गंमत वाटते.

काठीचा फटका आकडा कसा होतो? पॅडच्या रबराखाली पिझो नावाची चकती असते. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतदाब निर्माण होतो, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले होते. फटका जितका जोरात, तितका तो दाब जास्त. पॅड क्षणभर थांबून त्या लाटेचा शेंडा मोजतो आणि त्याला १ ते १२७ मधला आकडा देतो. कीबोर्डची युक्ती वेगळी आहे. तिथे जोर मोजतच नाहीत, वेळ मोजतात. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, एक आधी जुळतो, एक नंतर. दोघांमधला वेळ कमी, म्हणजे पट्टी वेगाने खाली गेली, म्हणजे सूर मोठा. समुद्रालगतच्या गावांत या संपर्कांवर खारा ओलावा आणि धूळ बसते, मग हलक्या हाताने दाबलेली पट्टी अचानक किंचाळते, नाहीतर मुकी राहते. अशा वेळी दोष बोटांना किंवा प्लगइनला देण्याआधी कीबोर्ड उघडून आतली रबरी पट्टी पुसून पाहावी.

आता लॅपटॉपच्या आत. प्लगइन म्हणजे एका मोठ्या प्रोग्रामात जाऊन बसणारा छोटा प्रोग्राम. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाचा साचा ठरवून दिला. सुरुवातीला त्यातून फक्त एको, रिव्हर्ब असे परिणाम देता येत. १९९९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्लगइन स्वतःच वाद्य होऊन मिडीवर वाजू लागले. अशी वाद्ये मुख्यतः दोन प्रकारची. काही प्लगइन तारेचे किंवा चामड्याचे गणित मांडून आवाज त्या क्षणी घडवतात. बहुतेक मात्र खऱ्या वाद्याचे रेकॉर्डिंग साठवून ठेवतात आणि हवा तो तुकडा वाजवतात.

साठवण किती लागते याचा हिशेब करून पाहू. सेकंदाला ४८,००० नमुने (म्हणजे आवाजाच्या लाटेची तितकी मापे), प्रत्येक नमुना तीन बाइटचा आणि डावा-उजवा असे दोन आवाज, म्हणजे दहा सेकंदांच्या एका सुराला २.८८ मेगाबाइट. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टी आठ वेगवेगळ्या जोरांनी रेकॉर्ड केलेली, तर झाले दोन गिगाबाइट. पखवाजाला सूर कमी, पण तिथे कानाची अडचण वेगळी असते. एकच ‘धा’ चार वेळा हुबेहूब तसाच वाजला की कानाला लगेच यंत्र जाणवते, कारण माणसाचे दोन ‘धा’ कधीच सारखे नसतात. म्हणून चांगल्या प्लगइनमध्ये एकाच बोलाची अनेक रेकॉर्डिंगे आळीपाळीने वाजवतात. डग्ग्यावर तळहात घासून काढलेला घिस्सा मात्र पॅडवर येत नाही. एका फटक्याला एक आकडा देणाऱ्या भाषेत तो मावणार कसा? उलट एक फायदा आहे: श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत खरी पुडी सैल पडते आणि मृदंगवाला सारखा हातोडी घेऊन बसतो, तो त्रास रेकॉर्डिंगला नाही.

आणि आता वेळ. संगणक आवाज एकेक नमुना करून देत नाही. तो थोडा साठा तयार करतो, साउंड कार्डाच्या हवाली करतो आणि लगेच पुढच्या साठ्याला लागतो. या साठ्याला बफर म्हणतात. पंगतीत वाढपी मोठे पातेले घेऊन आला तर फेऱ्या कमी होतात, पण ते भरेपर्यंत पंगत ताटकळते. वाटी वाटीने आमटी आणली तर लगेच मिळते, मात्र एक फेरी चुकली की भात कोरडा राहतो. बफर १,०२४ नमुन्यांचा असेल तर एकट्या त्याचाच उशीर २१ मिलिसेकंद. २५६ चा असेल तर साधारण सव्वापाच, १२८ चा असेल तर पावणेतीन. त्यात पॅडची मोजणी, यूएसबी आणि आकड्यांची पुन्हा वीज करणारे कन्व्हर्टर यांचे काही मिलिसेकंद मिळवायचे.

एवढ्याशा उशिराने काय होते? कोकणातल्या तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर. दहा मिलिसेकंद उशीर म्हणजे आपलेच वाद्य साडेतीन मीटर दूर ठेवल्यासारखे. एवढ्या अंतरावरच्या साथीदाराबरोबर आपण एरवीही वाजवतो, म्हणून बहुतेकांना ते चालते. लांब आलाप किंवा व्हायोलिनचे सूर असतील तर वीसही खपून जातात. पण द्रुत लयीत पॅड वाजवणाऱ्याच्या हाताला दहाच्या पुढे काहीतरी खुपू लागते. तो नकळत काठी आधी टाकू लागतो आणि लय पुढे धावते. लोक म्हणतात, पोरगा कच्चा आहे. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन जोडले तर उशीर सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जातो, म्हणजे वाद्य पन्नास मीटरवर. गाणी ऐकायला ठीक, वाजवायला अजिबात नाही.

मग बफर लहानच का ठेवू नये? कारण प्रत्येक साठा ठरल्या वेळेत तयार झालाच पाहिजे. १२८ चा बफर म्हणजे सेकंदाला ३७५ साठे, तीन तासांच्या कार्यक्रमात ४० लाख ५० हजार. त्यांतले ९९.९९ टक्के वेळेवर आले तरी ४०५ चुकतात, म्हणजे दर सत्तावीस सेकंदांना स्पीकरमधून एक ‘टक्’. परीक्षेत ९९.९९ टक्क्यांना पेढे वाटतात, इथे साउंडवाला येऊन वायर हलवू लागतो. संगणक सरासरीने किती वेगवान आहे हे इथे बिनकामाचे ठरते, विचारायचे ते त्याच्या सर्वांत वाईट क्षणाबद्दल. वाय-फायने नेटवर्क शोधायला घेतलेले पाच मिलिसेकंद, अँटिव्हायरसने उघडलेली एक फाइल, बॅटरी वाचवायला प्रोसेसरने उतरवलेला वेग, एवढे पुरते. म्हणून महागड्या लॅपटॉपवर टकटक होते आणि सगळे बंद करून ठेवलेला जुना निमूट रात्र काढतो. विंडोजवर साउंड कार्डाशी थेट बोलणारा एएसआयओ प्रकारचा ड्रायव्हर हवाच. वाय-फाय बंद, अपडेट बंद, पॉवर सेटिंग पूर्ण वेगावर. त्या रात्री लागणारे सगळे आवाज आधीच मेमरीत भरून ठेवलेले बरे, नाहीतर गजर चढत असताना लॅपटॉप डिस्क चाळत बसतो.

कोकणातले हवामान या सर्वांत वाईट क्षणाला हातभार लावते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मे महिन्यात मांडवात, दिव्यांखाली, कापडी टेबलक्लॉथवर ठेवलेल्या लॅपटॉपची तिथवर मजल जायला वेळ लागत नाही. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवली तर बराच फरक पडतो. पावसाळ्यात दुखणे वेगळे. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सव्वीस अंशांच्या आसपास असतो. एसी गाडीतून बावीस अंशांचा लॅपटॉप थेट मांडवात आणला तर त्याच्या आतल्या धातूवरही पाणी धरते. बॅगेची चेन न उघडता अर्धा तास तशीच ठेवावी, मग चालू करावा. जनरेटरवर अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि चार्जर लावताच स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची घरघर सुरू होते. आवाजाच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधला थेट विजेचा संबंध तोडणारी डबी) लावला की बहुधा ती जाते. अर्थिंगची पिन कापून टाकणे हा उपाय जीवघेणा आहे, तो कोणी सुचवला तर ऐकू नये.

डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातल्या, बुवांसमोर पेटीऐवजी मिडी कीबोर्ड ठेवला तर? ताल वाद्यांपेक्षा इथे जास्त अडते. मिडी आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पियानोसारखी पट्टी होती: जोरात दाबली की आवाज मोठा. पेटीची पट्टी कशीही दाबा, आवाज ठरतो भात्याच्या हवेवर. म्हणजे जोराचा आकडा पेटीला निरुपयोगी, आणि ज्याची गरज आहे तो हवेचा दाब त्या तीन बाइटांत नाहीच. तो कंट्रोल बदल नावाच्या वेगळ्या संदेशाने द्यावा लागतो. या संदेशांना क्रमांक असतात, पायाने आवाज कमी-जास्त करणाऱ्या एक्स्प्रेशन पेडलचा अकरावा क्रमांक त्यासाठी बरा. दशावतारात पायपेटी वाजवणाऱ्यांना पायाने आवाज सांभाळण्याची सवय असतेच, पण भाता हाणणे आणि पेडल एका कोनात धरून ठेवणे यांत फरक आहे. तो पायात बसायला दिवस जातात.

शिवाय गांधार. षड्जाशी पाचास चार हे प्रमाण राखणारा शुद्ध गांधार कीबोर्डच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो, सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवले, त्यामागच्या आक्षेपांत हे ठरीव सूरही होते. मिडीत सूर वाकवायला १६,३८४ पायऱ्या आहेत, बारकाव्याची कमी नाही. पण ते वाकवणे सबंध चॅनलला लागू होते: गांधार उतरवला की त्याच चॅनलवर धरलेला षड्जही उतरतो. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल देऊन यातून वाट काढली, आणि २०२० सालच्या मिडी २.० मध्ये प्रत्येक सूर वेगळा वाकवण्याची सोय मुळातच आली. ते हाताशी नसेल तर सोपा मार्ग म्हणजे प्लगइनमध्येच पट्टीनुसार सूर लावून घेणे. बुवांनी पट्टी बदलली की तेही बदलायचे, हे मात्र विसरू नये.

आणखी एक गोष्ट कार्यक्रमाआधी करून ठेवण्यासारखी आहे. सूर सुरू करण्याचा निरोप वेगळा आणि थांबवण्याचा वेगळा. मधल्या क्षणी कोणाचा पाय लागून यूएसबीची वायर निघाली, तर थांबवण्याचा निरोप पोचतच नाही आणि सूर वाजत राहतो. पट्टी कितीही वेळा दाबा, फरक पडत नाही, कारण वायरच नाही. मिडीत याला उतारा आहे: १२३ क्रमांकाचा, सगळे सूर बंद करा असे सांगणारा संदेश. बहुतेक प्रोग्रामांत त्यासाठी ‘पॅनिक’ नावाचे बटण असते. ते लॅपटॉपच्याच एखाद्या मोठ्या कळीला बांधावे, कीबोर्डच्या किंवा पॅडच्या नव्हे, कारण निघालेली वायर त्यांचीच असते.