बंदी वेगळी, सवलत वेगळी

घरं पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने जातात आणि गावात नोकरी करणाऱ्याला भाड्याची खोली मिळत नाही. उपाय काय, तर 'झोनिंग बदला', म्हणजे कुठल्या जागेत काय चालेल याचे नियम बदला, असं सरसकट बोललं जातं. पण त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिली बंदी. बार्सिलोनाच्या २०१७ च्या आराखड्याने शहराच्या मध्यभागात नवी पर्यटक निवासं थांबवली. एखादं बंद पडलं तरी त्याच्या जागी दुसरं नाही. जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. इथे मालकाच्या हातचं जातं.

सवलतीत मालकाला काहीतरी मिळतं. आपल्याकडे पुनर्विकासात इन्सेंटिव्ह एफएसआय, म्हणजे बक्षीस म्हणून जादा बांधकामाची मुभा, असतो ना, तसाच व्यवहार. कॅलिफोर्नियात परसदारी छोटं दुसरं घर बांधायला सुनावणीविना परवानगी मिळते. त्यातल्या काही प्रकारांना कायद्याचीच अट आहे, की भाडेकरार ३० दिवसांहून जास्त मुदतीचा हवा.

माझ्या मते दोन्हींत एकच उणीव राहते, आणि ती मोठी आहे. काय करायचं नाही ते ठरतं, कोण राहणार ते ठरत नाही. परवाना संपला की दारावरची पाहुण्यांसाठीची कोडवाली चावीची पेटी निघते; पण मालकाने फ्लॅट सुट्टीपुरता स्वतःला ठेवला, तर बाल्कनीचे पडदे वर्षभर ओढलेलेच. परसातलं घरही दीड-दीड महिन्याच्या पाहुण्यांना देता येतं.

कोलोरॅडोतल्या व्हेल या स्कीच्या गावाने नेमकं हेच ओळखलं. तिथली नगरपालिका मालकाला किंवा घेणाऱ्याला रोख पैसे देते आणि बदल्यात मालमत्तेवर अट नोंदवते: घरात राहणाऱ्यांपैकी एकाने तरी ईगल काउंटीत, म्हणजे व्हेलच्या जिल्ह्यात, आठवड्याला सरासरी ३० तास काम केलं पाहिजे. घर विकलं तरी अट नव्या मालकावर येते. उत्पन्नाची मर्यादा नाही, विक्रीच्या किमतीवरही नाही. त्यामुळे शिक्षिका असो की हॉटेलचा आचारी, कागदावर तो बसतो. सुट्टीपुरता येणारा बसत नाही.

व्हेल हे पैशांनी विकत घेतं. जिथे तिजोरीत तेवढा पैसा नाही, तिथे जादा मजल्याच्या परवानगीपोटी हीच अट नोंदवून घ्यावी. नुसत्या ३० दिवसांच्या अटीवर मजला देऊ नये.