ग्रो, ग्रीन आणि ग्रास

इंग्रजीत आज झाड, मूल, दाढी, धंदा, सगळंच 'ग्रो' होतं. हजार वर्षांपूर्वी तसं नव्हतं. जुन्या इंग्रजीतलं 'ग्रोवन' हे क्रियापद मुख्यतः हिरवाईचं: गवत उगवायचं, शेत तरारायचं ते या शब्दाने. लेकरं वाढायची, चंद्र कलेकलेने वाढायचा, त्यासाठी 'वेअक्सन' हे वेगळं क्रियापद होतं. ते पिकांनाही चालायचं, पण 'ग्रोवन' सहसा माणसाच्या वाट्याला येत नसे.

'ग्रोवन'चं मूळ आदिजर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स वगैरेंच्या सामाईक पूर्वज भाषेत आहे, आणि त्याच मुळातून 'ग्रीन' आणि 'ग्रास' हे शब्दही निघाले. म्हणजे हिरवं ते, जे उगवतं. स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेत हेच क्रियापद 'ग्रोआ' झालं. तेराव्या शतकातल्या एका आइसलँडी हस्तलिखितात सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य आहे, 'व्होलुस्पा'. सूर्य दक्षिणेकडून तळपला आणि जमिनीवर हिरवी कांदापात उगवली, असं त्यात म्हटलंय. मूळ ओळीत 'उगवलेली' आणि 'हिरवी' हे दोन्ही शब्द याच धातूचे, शेजारीशेजारी बसलेले! नॉर्समध्ये जखमसुद्धा 'ग्रोआ' व्हायची, म्हणजे भरून यायची. आइसलँडीत अजूनही होते. स्वीडिशमध्ये मात्र 'ग्रू' म्हणजे बी रुजणं, कोंब फुटणं. बाकी वाढीला 'वेक्सा', म्हणजे 'वेअक्सन'चंच भावंड.

जर्मनने 'वेअक्सन'चं भावंड 'वाक्सेन' ठेवलं आणि 'ग्रो'च्या घरचं क्रियापद गमावलं. इंग्रजीत उलटं घडलं. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकापासून 'ग्रो' माणसांनाही लागू लागलं आणि 'वॅक्स', म्हणजे जुनं 'वेअक्सन', मागे सरलं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये बाळ योहानाबद्दल एकाच वाक्यात दोन्ही भेटतात: बाळ 'ग्र्यू' झालं आणि आत्म्याने बलवान 'वॅक्स्ड' झालं. आता 'वॅक्स' उरलंय ते बहुतेक चंद्रापुरतं.

या हरलेल्या शब्दाचं गोत मात्र आपल्या ओळखीचं. संस्कृतातला वाढण्याचा 'वक्ष्' धातू त्याचा सख्खा भाऊ. ऋग्वेदात इंद्राला 'अति विश्वं ववक्षिथ', साऱ्या विश्वापलीकडे वाढलास, असं म्हटलंय. ग्रीकमधलं 'आउक्सानो'ही याच घरातलं. 1931 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाला नाव दिलं ते याच ग्रीक शब्दावरून, 'ऑक्सिन'. त्यांच्या स्वतःच्या डच भाषेत रोप वाढतं ते 'ग्रुयेन'.