आठवे किंग्ज आणि तळातले ब्लूज: दोन्ही अंडरडॉग, पण गोष्ट एक नाही

आमच्या सांगलीत बर्फ म्हणजे रसवंतीतला नाहीतर मासळी बाजारातला, त्याच्यावर बूट घालून कोण पळत असेल आणि त्याचे पैसे घेत असेल हे मला चाळिशीपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. भाच्यामुळं लागलं हे आइस हॉकीचं वेड. इंजिनिअरिंगला आहे तो, रात्री जागून मोबाईलवर हायलाइट्स बघतो आणि रविवारी माझ्याकडं येऊन भडंगाचा पुडा फोडत ऐकवतो.

तर परवा म्हणाला, "मामा, किंग्ज बघा ना, जानेवारीत लीगमध्ये सगळ्यात तळाला आणि जूनमध्ये डायरेक्ट स्टॅन्ले कप!" (स्टॅन्ले कप म्हणजे एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद.) म्हटलं, अरे तळाला होते ते ब्लूज, किंग्ज आठवे होते. तर म्हणे, "एकच की."

एकच नाही बाबा. आणि ही गल्लत तो एकटाच करत नाही, "खालनं येऊन जिंकले" म्हटलं की दोन्हींची भेळ होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

लॉस एंजेलिस किंग्ज २०१२ ला जिंकले. ते "आठवे" होते म्हणजे ८२ मॅचची लीग संपली तेव्हा पश्चिम कॉन्फरन्समधनं (लीगच्या दोन अर्ध्यांपैकी पश्चिमेकडचा) प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेलेल्या आठ संघांत शेवटचे. सेंट लुईस ब्लूज २०१९ ला जिंकले. ते "तळाला" होते म्हणजे ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी एनएचएलच्या अख्ख्या ३१ संघांत शेवटचे, पण लीग संपेपर्यंत ते तिथं राहिलेच नाहीत. एक नंबर शेवटच्या दिवसाचा, दुसरा मधल्या एका सकाळचा.

सांगलीकराला हे समजायला खरं तर अवघड जायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, पण इथला माणूस नुसतं "किती फूट झालं" विचारून फोन ठेवत नाही, पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "चढतंय का उतरतंय?" ४० फूट चढतं आणि ४० फूट उतरतं यात सामान माळ्यावर टाकायचं का खाली काढायचं एवढा फरक आहे. पॉइंट टेबलचंही तसंच.

आता किंग्ज. एनएचएलमध्ये जिंकलं की २ पॉइंट, जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये (बरोबरी सुटेना की एकेकानं गोल मारायचा) हरलं तरी १, साधं हरलं तर शून्य. किंग्जचे झाले ९५, त्यात ४० विजय आणि तब्बल १५ असे जादा वेळेतले पराभव, म्हणजे दर पाच-सहा मॅचमागं एक मॅच हातातोंडाशी येऊन गेलेली. आणि गंमत बघा, त्याच डिव्हिजनमधल्या (कॉन्फरन्सच्या आतला छोटा गट) फिनिक्स कोयोटीजचे झाले ९७. पण फिनिक्स डिव्हिजन जिंकले म्हणून त्यांना तिसरा नंबर आणि किंग्जना आठवा! मधे सॅन होजे ९६ वर, सातवे. तिसऱ्या आणि आठव्यात अख्ख्या सीझनचा फरक दोन पॉइंटचा, त्यामुळं आठवा म्हटल्यावर जो मरतुकडा संघ डोळ्यासमोर येतो तसा तो नव्हताच.

मग एवढे खाली का होते? तर गोल होत नव्हते हो. गोल करण्यात लीगच्या तेव्हाच्या ३० संघांत २९वे. पण गोल खाण्यात सगळ्यात कंजूष संघांपैकी एक, कारण मागं गोली, म्हणजे गोलरक्षक, जोनाथन क्विक उभा, ज्यानं त्या सीझनला १० मॅचमध्ये समोरच्याला एकही गोल करू दिला नव्हता. डिसेंबरात कोच टेरी मरे यांना काढलं आणि डॅरिल सटर आले, फेब्रुवारीत कोलंबसकडनं जेफ कार्टरला उचललं, आणि लंगडी बाजू जरा सावरली. म्हणजे पाणी चढत होतं, पण फलकावर आकडा जुनाच दिसत होता.

प्लेऑफमध्ये जे केलं ते मात्र दांडगाई होती. एका सिरीजमध्ये आधी चार मॅच जिंकेल तो पुढं. पहिल्या नंबरचे व्हँकुव्हर ४-१, दुसऱ्या नंबरचा संघ ४-०, तिसरे फिनिक्स ४-१, फायनलला न्यू जर्सी डेव्हिल्स ४-२. चारही सिरीजमध्ये आधी ३-० आघाडी. परक्या मैदानावर पहिल्या दहाच्या दहा मॅच जिंकल्या. एकूण १६ जिंकल्या, ४ हरल्या. आता मला सांगा, यात अंडरडॉग कुठं दिसतो? खरं सांगायचं तर मला ती प्लेऑफ बघताना धाकधूक अशी झालीच नाही, भाच्याला ते आवडतं, मला नाही.

शेवटच्या मॅचचा एक तुकडा मात्र सांगायलाच पाहिजे. सहावी मॅच, ११ जून, लॉस एंजेलिसमध्ये. डेव्हिल्सच्या स्टीव्ह बर्नियरनं रॉब स्कुडेरीला मागनं कठड्यावर आदळलं, तोंड रक्तबंबाळ, आणि पाच मिनिटांची मोठी पेनल्टी. इथं नियम कळला तरच मजा येते. साध्या दोन मिनिटांच्या पेनल्टीत समोरच्यानं गोल केला की बाहेर बसलेला गडी लगेच आत येतो. पाच मिनिटांच्या मोठ्या पेनल्टीत नाही, कितीही गोल होऊ देत, पूर्ण वेळ एक गडी कमी घेऊनच खेळायचं. कबड्डीत गडी बाद झालाय आणि समोरच्याला घेतलं तरी तो परत आत येत नाहीय अशी कल्पना करा. तेवढ्या पाच मिनिटांत किंग्जनी तीन गोल घातले आणि मॅच ६-१.

ब्लूजची गोष्ट याच्या उलटी. तिथं आकडा खोटा नव्हता, ते खरोखरच वाईट खेळत होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोच माइक यो यांना काढून क्रेग बेरूबींना हंगामी बसवलं तरी डिसेंबरात सरावातच रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफोर्ड या आपल्याच दोन गड्यांची गुद्दागुद्दी झाली, समोरचा संघ लागलाच नाही. ३ जानेवारीला ३७ मॅचमध्ये ३४ पॉइंट. मग ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन नावाच्या पंचविशीतल्या गोलीला एनएचएलमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं, फिलाडेल्फियाविरुद्ध, आणि पठ्ठ्यानं ३-० अशी कोरी मॅच काढली. आदल्या वर्षी संघानं त्याला उसना म्हणून प्रॉव्हिडन्सला पाठवलेलं, जो बॉस्टनचा खालच्या लीगमधला संघ. हे बॉस्टन लक्षात ठेवा.

पुढं सलग ११ मॅच जिंकल्या आणि उरलेल्या ४५ मॅचमध्ये ६५ पॉइंट. बेरीज ९९, डिव्हिजनमध्ये तिसरे. म्हणजे बघा, प्लेऑफ सुरू झाली तेव्हा तळातल्या ब्लूजकडं आठव्या किंग्जपेक्षा चार पॉइंट जास्तच होते! (तोवर प्लेऑफची पद्धतही बदललेली, आता प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन आणि वर कॉन्फरन्समागं दोन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सगळ्यात जास्त पॉइंटवाले, त्यामुळं जुन्या अर्थानं "आठवा" असा कुणी राहिलेलाच नाही.)

पण प्लेऑफमध्ये यांचा जीव टांगणीला लागलेला, १६ जिंकल्या तर १० हरल्या. डॅलसविरुद्ध सातव्या मॅचला दुसऱ्या जादा वेळेत पॅट मरूननं गोल घातला, तो मूळचा सेंट लुईसचाच पोरगा. सॅन होजेविरुद्ध तिसरी मॅच तर समोरच्यानं हातानं ढकललेल्या पकवरनं (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) झालेल्या गोलानं गेली, पंचांच्या नजरेतनं सुटलं, अख्खं गाव बोंबलत बसलं, पण पुढच्या तीन जिंकून फायनलला गेले. आणि घरच्या मैदानावर तर ६ जिंकल्या, ७ हरल्या. फायनलची तिसरी मॅच आपल्याच लोकांसमोर ७-२ नं हरले, सहावी ५-१ नं.

किंग्जना लेबल चुकीचं लागलेलं, ब्लूजचं लेबल बरोबर होतं पण त्यांनी ते सहा महिन्यांत सोलून काढलं. भाचा म्हणतो मोठा धक्का किंग्जचा, कारण आठव्या नंबरवरनं कप नेणारे ते पहिले. मी म्हणतो ब्लूजचा. ३ जानेवारीच्या सकाळी "हे कप जिंकतील" असं कुणी चहाच्या गाड्यावर म्हटलं असतं तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

तिथं भाच्यानं १९८० चं ऑलिम्पिक काढलं, अमेरिकेच्या पोरांनी सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं ते. ते वेगळंच प्रकरण, कॉलेजची हौशी पोरं होती ती, प्रोफेशनल लीगशी संबंध नाही, आणि ती फायनलही नव्हती, सुवर्णपदकासाठी दोन दिवसांनी फिनलंडला हरवावं लागलं. ते बाजूला ठेव म्हटलं.

तर ब्लूजची शेवटची मॅच, १२ जून २०१९, समोर बॉस्टन, तेही बॉस्टनमध्ये. पहिल्या वीस मिनिटांत बॉस्टनचे गोलवर १२ फटके, ब्लूजचे फक्त ४, आणि स्कोअर ब्लूज २-०. बिनिंग्टननं सगळं अडवलं, ज्यांच्या दुसऱ्या संघात तो उसना राहून खेळला त्यांच्याच घरात. दुसरा गोल कॅप्टन अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलोचा, पहिला भाग संपायला आठ सेकंद असताना. शेवटी ४-१, आणि १९६७ पासनं खेळणाऱ्या संघाचा पहिला कप.

भाचा पुडा झटकत उठला. म्हटलं, जाता जाता एक सांग, २०१२ ला किंग्जनी दुसऱ्या नंबरच्या ज्या संघाला ४-० धुतलं, तो कुठला? त्यानं मोबाईल काढला, बघितलं आणि परत खाली बसला. सेंट लुईस ब्लूज. पिएट्रँजेलो तेव्हाही त्या संघात होता, अलेक्झांडर स्टीन आणि डेव्हिड पेरॉनही.