घसरगुंडीवरचा करंट

एप्रिलच्या दुपारी चार वाजता नागपुरात चार वर्षांच्या मुलीला खेळायला न्यायचं तरी कुठं? बागेतली लोखंडी घसरगुंडी तव्यासारखी तापलेली असते. म्हणून नातीला घेऊन वर्धा रोडकडच्या एका सॉफ्ट प्लेमध्ये गेलो. एसी हॉल, खाली फोमच्या गाद्या, प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद आणि बोगद्यासारखी वळणं घेत उतरणारी निळी घसरगुंडी. तासाचे पैसे वेगळे, खाली ठिपके असलेल्या मोज्यांचे वेगळे. मोज्यांवर मी जरा कुरकुरलो. त्या मोज्यांचा या गोष्टीशी संबंध आहे हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

बोगद्यातून नात बाहेर आली तेव्हा तिचे केस साळिंदराच्या काट्यांसारखे उभे होते. उठली, धावत आली आणि माझं बोट धरलं. टच्! दोघांनीही हात झटकला. ती खदाखदा हसली, माझ्या तोंडून 'आई गं' निघालं.

शेजारी एक बाबा काउंटरवरच्या पोराशी भांडत होते. "तुमचं वायरिंग लीक आहे, पोट्ट्यांना करंट लागून राहिला!" बाकावरच्या एका आजींचं निदान वेगळंच होतं. "अंगात उष्णता लय झाली बाप्पा. सब्जा पाजा पोरीले."

सब्जा पाजायला माझी हरकत नाही, उन्हाळ्यात चांगलाच लागतो. पण उभ्या केसांशी त्याचा काही संबंध नाही. बाबांची शंका मात्र रास्त होती, म्हणून ती आधी. वायरिंगमधून वीज उतरत असेल तर त्या वस्तूला हात लावाल तेव्हा तेव्हा झिणझिण्या येतात आणि हात तिथं आहे तोवर येतच राहतात. असं वाटलं तर मुलांना लगेच लांब करा आणि मेन स्विच बंद करायला लावा. आम्हाला बसला तो स्थितिक विजेचा, म्हणजे अंगावर साठून राहिलेल्या विजेचा झटका. तो एकदाच 'टच्' करतो आणि संपतो. लगेच पुन्हा हात लावा, काही होत नाही, कारण साठा रिकामा झालेला असतो.

हा साठा येतो कुठून? फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे, आणि त्यामुळेच घर्षणानं वीज तयार होते असा समज पक्का झाला आहे. खरं तर दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि अलग झाले एवढं पुरतं. टेकताना थोडा प्रभार (विजेचा भार) इकडचा तिकडे जातो, अलग होताना तो परत यायला चुकतो. घासण्यानं हे टेकणं-सुटणं हजारो ठिकाणी, पुन्हा पुन्हा होतं इतकंच. कोणता पदार्थ धन होतो आणि कोणता ऋण, याची क्रमवार यादी भौतिकशास्त्रज्ञ योहान विल्के यांनी १७५७ सालीच केली. त्वचा आणि केस धनाच्या टोकाकडे, पॉलिथिन आणि पीव्हीसी ऋणाच्या टोकाकडे. घसरगुंडी पॉलिथिनची, गाद्यांचं कव्हर पीव्हीसीचं. मुलं सोडली तर त्या हॉलमधलं बहुतेक सगळं यादीच्या ऋण टोकाचं!

टेकल्यावर नेमकं काय पलीकडे जातं, इलेक्ट्रॉन, आयन की पृष्ठभागाचे अतिसूक्ष्म कण, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घासलेला पृष्ठभाग सरसकट धन किंवा ऋण नसतोच; त्यावर दोन्ही प्रभारांचे बारीक ठिपके गोधडीसारखे पसरलेले असतात आणि आपल्याला दिसते ती त्यांची वजाबाकी. अंबर, म्हणजे झाडाच्या राळेचा जीवाश्म, घासला की तो काड्या ओढतो, हे माणसाला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे. इलेक्ट्रॉन हे नावही अंबराच्या ग्रीक नावावरून आलेलं. आणि तरी हा हाल!

आता माझा आवडता भाग. झटका घसरताना का बसत नाही? उठल्यावरच का बसतो?

मुलगी घसरगुंडीवर बसलेली असते तेव्हा तिच्या अंगावरचा धन प्रभार आणि खालच्या प्लास्टिकवरचा ऋण प्रभार अगदी जवळजवळ असतात. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. अशा वेळी तिची धारिता, म्हणजे दर व्होल्टला किती प्रभार मावतो ते माप, जास्त असते. ती उठली की प्रभार तेवढाच राहतो पण जोडीदार मागे सुटतो. धारिता एकदम घसरते. प्रभार म्हणजे धारिता गुणिले व्होल्ट. एक आकडा उतरला की दुसरा चढणारच. बसल्या जागी काहीशे असलेला व्होल्टेज उभं राहताच काही हजारांवर जातो. ही वाढीव ऊर्जा फुकटात येत नाही, दोन विरुद्ध प्रभार ओढून लांब करायला तिच्याच पायांनी काम केलेलं असतं. फक्त तिला ते जाणवत नाही. गाडीच्या सीटवरून उतरून दाराला हात लावताना चटका बसतो तोही असाच.

आकडे मांडून बघू. लहान मुलाची धारिता ५० पिकोफॅरड धरा, व्होल्टेज १०,०००. प्रभार निघतो अर्धा मायक्रोकूलोम, म्हणजे सुमारे ३ लाख कोटी इलेक्ट्रॉनांची तूट. ऐकायला भयंकर. पण ऊर्जा येते अडीच मिलिज्यूल. एक ग्रॅम वजन वीतभर उचलायला एवढीच लागते. म्हणून १०,००० व्होल्टनं मूल हसतं आणि घरातल्या २३० व्होल्टनं जीव जाऊ शकतो. हवेत दर मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्ट लागले की ठिणगी उडते. आमची तीनेक मिलिमीटरची असावी.

प्रभार जमिनीत का जात नाही? मुलाचं शरीर म्हणजे खारं पाणी, उत्तम वाहक. पण पायात ते मोजे, खाली फोम. दोन्ही विसंवाहक. १७३० साली लंडनमध्ये विजेवर प्रयोग करणाऱ्या स्टीफन ग्रे यांनी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला केसांच्या दोरांवर आडवं टांगलं आणि घासलेली काचेची नळी त्याच्या पायांजवळ धरली. पितळेच्या वर्खाचे तुकडे उडून त्या मुलाकडे यायला लागले. ग्रेंचे केसांचे दोर म्हणजे आपले ग्रिपवाले मोजे.

राहिली हवा. 'दमट हवेतून वीज वाहून जाते' असं सर्रास शिकवतात (मीही शिकवलं आहे, विद्यार्थ्यांनी माफ करावं). दमट हवा काही चांगली वाहक नाही. दमटपणात वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा काही रेणूंएवढा जाड पापुद्रा बसतो, त्यात घामाचे आणि धुळीचे क्षार विरघळतात आणि त्या वाटेनं प्रभार झिरपून जातो. हवा कोरडी, तर पापुद्रा नाही.

मग 'एसी हवा कोरडी करतो म्हणून करंट' हे बरोबर का? एप्रिलच्या नागपुरात तरी उलटंच आहे. बाहेर ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरा. घनमीटरभर हवेत बाष्प जेमतेम पावणेआठ ग्रॅम. तीच हवा २५ अंशांवर आणली तर आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास जाते, कारण गार हवेत बाष्प कमी मावतं. म्हणजे एसीनं टक्केवारी वाढवलीच, पण पापुद्रा बसण्याइतकी नाही. आपल्या घरचा कूलर मात्र पाणीच हवेत सोडतो, म्हणून कूलरच्या खोलीत सिंथेटिक चादरीवर लोळूनही पोरांना सहसा झटका बसत नाही. जुलैत तर त्या हॉलमध्येही तो बसायचा नाही.

हे झटके निरोगी मुलाला अपाय करत नाहीत. एक अपवाद गंभीरपणे घ्यावा: कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं उपकरण, असलेली मुलं. प्लास्टिकच्या घसरगुंडीवरच्या प्रभारानं कानाबाहेरच्या यंत्रातला प्रोग्रॅम बिघडू शकतो, म्हणून घसरण्याआधी ते यंत्र काढून ठेवायला सांगतात.

बाकीच्यांनी सुती कपडे घालावेत, आणि मुलाला बोट देण्याऐवजी पूर्ण तळवा द्यावा. तेवढाच प्रभार जास्त जागेत पसरून उतरतो. ऑनलाइन मिळणारं बिनतारी 'अँटी-स्टॅटिक' ब्रेसलेट घेऊ नका. कारखान्यात वापरतात त्या पट्ट्याला तार असते आणि ती जमिनीला जोडलेली असते. तारच नाही तर प्रभार जाणार कुठं? त्यापेक्षा आजींचा सब्जा परवडला, निदान पोटात तरी जातो.

काउंटरवरच्या पोराला मी म्हटलं, साबणाच्या पाण्यात पिळलेला पोछा बोगद्यातून फिरव आणि वाळू दे. साबणाचा थर प्लास्टिकवर ओलावा धरून ठेवतो. "काका, खरंच?" म्हणत त्यानं फिरवला. पुढच्या फेरीत एकाचेही केस उभे राहिले नाहीत. भांडणारे बाबा शांत झाले. पोट्टे मात्र नाराज. नातीनं पाच-सहा वेळा घसरून दर वेळी माझं बोट धरून पाहिलं, आणि शेवटी विचारलं, "आजोबा, टच् कुठं गेलं?"