ऐकण्याची शिस्त : देवाचे मार्गदर्शन शोधण्याच्या परंपरेची पार्श्वभूमी

‘मूल ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे कोणी समजत नाही. ते सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पवित्र शास्त्राच्या इब्री भाषेतही ‘शमा’ या क्रियापदात ऐकणे आणि आज्ञा पाळणे असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. सोलापुरातील ख्रिस्ती घरांत मुलीचे स्थळ किंवा मुलाची पुण्यातली नोकरी ठरवताना ‘देवाची इच्छा काय आहे ते पाहू’ असे सहज म्हटले जाते. त्या बोलण्यामागची परंपरा या दुहेरी अर्थातूनच समजून घ्यावी लागते.

तिचा फार जुना धडा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. रात्री हाक ऐकून बालक शमुवेल तीन वेळा एली याजकाकडे धावत जातो, कारण ती हाक त्याचीच असावी असे त्याला वाटते. ती परमेश्वराची आहे हे प्रथम उमगते ते नजर मंदावलेल्या वृद्ध एलीला, आणि ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे उत्तरही तोच शिकवतो. ज्याला हाक आली त्यालाच ती ओळखता आली नाही, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो.

इ.स. 386 मध्ये मिलानच्या एका बागेत ऑगस्टीनला (पुढे बिशप व थोर ख्रिस्ती धर्मचिंतक झालेल्या) ‘घे, वाच’ असा बालस्वर ऐकू आला, तेव्हा त्याने नव्या करारातील प्रेषित पौलाचे पत्र उघडले; म्हणजे तो स्वरही त्याला शास्त्राकडेच घेऊन गेला. सहाव्या शतकातील मठवासी संत बेनेडिक्टच्या मठनियमांचा पहिला शब्दच ‘ऐक’ हा आहे. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झालेल्या इग्नेशियसने (पुढे जेझुइट संघाची स्थापना करणाऱ्या स्पॅनिश योद्ध्याने) अंथरुणावर पडल्यापडल्या एक बारीक गोष्ट टिपली : शौर्याच्या स्वप्नांचा आनंद ओसरला की मन कोरडे पडे, ख्रिस्ताच्या व संतांच्या चरित्रांतून मिळालेला आनंद मात्र मागाहूनही टिके. अंतःकरणातील प्रेरणांची पारख करण्याची त्याची पद्धत याच निरीक्षणातून उभी राहिली.

सोलापूरकडे ही परंपरा प्रॉटेस्टंट वळणाने आली. 1813 पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला केंद्र उघडले आणि 1860 च्या दशकात ते सोलापुरात पोहोचले. आरंभीच्या विश्वासणाऱ्यांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे देवाचे वचन त्यांच्यापर्यंत अक्षरशः कानांवाटे गेले. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे आणि नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे हे जेथे सर्वांना ठाऊक आहे, तेथे ही रीत परकी वाटली नसावी.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांचे उदाहरणही येथे आठवते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. परंतु त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1895 मध्ये, दीर्घ वाचनानंतर आणि मनातील मोठ्या झगड्यानंतर. सोलापूर–पुणे लोहमार्गावरील केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, 1905 साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीआधीही सामुदायिक प्रार्थनेचा मोठा काळ गेला होता.

सकाळी एकट्याने बायबल घेऊन बसण्याची ‘शांत वेळ’ ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी-अमेरिकन विद्यार्थी चळवळींतून विशेष पसरली. तिने वैयक्तिक भक्तीला खोली दिली हे निःसंशय. पण हाक कोणाची हे ओळखून देणाऱ्या एलीची जागा तिच्यात कोण घेणार, हा प्रश्न मागे राहिला. मनात उठलेला प्रत्येक आवाज देवाचाच मानण्याचा धोका खरा आहे, आणि म्हणूनच ‘सर्व गोष्टींची पारख करा’ हा पौलाचा सल्ला, जो त्याने एकाला नव्हे तर थेस्सलनीकातील सबंध मंडळीला दिला, आजही सोडता येत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरातील प्रार्थनासभेत हे अजून पाहायला मिळते. उतारा दोनदा मोठ्याने वाचला जातो, मग सारे गप्प बसतात आणि शेजारच्या यंत्रमागाची खडखड तेवढी ऐकू येते. त्यानंतर पाळकसाहेब विचारतात, ‘कोणत्या ओळीपाशी थांबलात?’ वाचता न येणाऱ्या एखाद्या आजी पदर सावरून ती ओळ जशीच्या तशी म्हणतात, आणि बाकीचे आपापल्या बायबलात ती शोधू लागतात.