मत्सराची म्हातारी कोरली कोणी?

पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार मान्तेन्या याच्या ‘सागरदेवतांचे युद्ध’ या मुद्राचित्रात, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रात, डावीकडे एक म्हातारी उभी आहे. खंगलेलं शरीर, लोंबलेले स्तन, हातात पाटी आणि पाटीवर लॅटिनमध्ये मत्सराचं नाव. तिच्या चिथावणीने माशांच्या जुड्या आणि हाडं घेऊन सागरदेवता एकमेकांच्या अंगावर धावून जात आहेत. दोन पत्र्यांवरून छापून जोडलेलं हे चित्र 1470 ते 1490 च्या दरम्यानचं.

मत्सराला बाईचं रूप रोमन काव्यापासून मिळत आलं आहे. इटलीतल्या पादुआ शहराच्या एका चॅपेलमध्ये तर 1305 च्या सुमारासच मत्सर रंगवलेला आहे, तोंडातून साप बाहेर येणाऱ्या बाईच्या रूपात. मान्तेन्या त्याच शहरात घडला.

खरा वाद आहे तो पत्रा कोणी कोरला याचा. सोळाव्या शतकातल्या चरित्रकाराने मान्तेन्याला ताम्रपत्र्यावर कोरण्याची आवड होती असं लिहिलं आणि पुढे सात मुद्राचित्रं त्याच्या हातची मानली गेली. 1992 च्या लंडन-न्यूयॉर्क प्रदर्शनाच्या ग्रंथात मात्र दोन अभ्यासकांची परस्परविरोधी मतं शेजारीशेजारी छापावी लागली. एकाच्या मते ती त्याने स्वतः कोरली, दुसऱ्याच्या मते एकही नाही. त्यानंतर काही वर्षांत मान्तेन्या जिथे दरबारी चित्रकार होता त्या मान्तुआ शहराच्या दप्तरातून 1475 चा करार उजेडात आला. त्यात मान्तेन्याची रेखाटनं पत्र्यावर कोरून देण्याचं काम एका सोनाराने पत्करलेलं दिसतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका कोरक्याने मान्तुआच्या अधिपतीला लिहिलेली तक्रारही उपलब्ध आहे: मान्तेन्याच्या प्रतिस्पर्ध्याला पत्रे कोरून दिले म्हणून मान्तेन्याने हत्यारबंद माणसं घालून मला मारहाण करवली. आपली चित्रं दुसऱ्याच्या हाती पडू नयेत यासाठी मान्तेन्या किती थराला जात होता, ते यातून कळतं. कलावंतांमधली असूया हाच या चित्राचा विषय असावा, हे मत मला म्हणूनच पटतं.

करारात या विशिष्ट पत्र्याचा उल्लेख नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण स्वतः कोरणाऱ्याला असा करार कशाला लागेल? 1494 मध्ये ड्यूरर या जर्मन चित्रकाराने या चित्राच्या उजव्या भागाची नक्कल केली. बाह्यरेषा त्याने जशाच्या तशा उचलल्या, छायेच्या सरळ तिरप्या रेघांच्या जागी मात्र आपल्या वळणदार, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा घातल्या. त्या सरळ रेघा बहुधा त्या सोनाराच्या हातच्या आहेत. संग्रहालयांच्या पाट्यांवर त्याचंही नाव यायला हवं, निदान प्रश्नचिन्हासह.